टॉप फ्लोअरचा फ्लॅट घेताय? दुपारी चारला बघायला जा आणि आधी वर बघा

फ्लॅट बघायला माणसं बहुतेक रविवारी सकाळी किंवा ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी जातात. एजंटलाही तीच वेळ सोयीची असते. खिडक्या उघडलेल्या असतात, पंखा सुरू असतो, हॉलच्या फॉल्स सीलिंगमधले दिवे लावलेले असतात. घर छान दिसतं. एप्रिलमधल्या दुपारी ते कसं तापतं आणि जुलैमध्ये कुठून ठिबकतं, हे अशा भेटीत कळत नाही. मधल्या मजल्यावरच्या घराला एक वेळ ते चालून जाईल. शेवटच्या मजल्यावर डोक्यावर फक्त स्लॅब आणि त्यावर आभाळ असतं, म्हणून तिथली तपासणी वेगळी.

छतावर ओल आहे की नाही?

सुरुवात हॉलपासून नको, माळ्यापासून करावी. बाथरूम किंवा पॅसेजवरच्या माळ्याला कोणी सहसा रंग देत नाही. त्यामुळे छताचा खरा इतिहास तिथेच सापडतो. स्टूल घेऊन चढायचं, मोबाइलचा टॉर्च छताला समांतर धरायचा. तिरप्या उजेडात फुगलेला रंग आणि पोपडे लगेच दिसतात. पिवळसर-तपकिरी कडा असलेला डाग म्हणजे पाणी येऊन वाळलंय. मिठासारखी पांढरी पूड म्हणजे काँक्रीट किंवा गिलाव्यातून झिरपणारं पाणी क्षार बाहेर आणतंय. सरळ रेषेत भेग आणि तिच्या कडेला गंजाचा रंग दिसला, तर प्रकरण गंभीर आहे. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. पुढे त्याचेच तुकडे पडतात. अशा जागी काठीच्या टोकाने हलकं ठोकून बघावं. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे.

संपूर्ण घर जुन्या रंगाचं आणि एकाच खोलीचं छत नवंकोरं असेल, तर कारण विचारायला संकोच नको.

मोठी अडचण फॉल्स सीलिंगची आहे. पूर्वीच्या कौलारू घरात माळा असायचा. गरम हवा तिथे जमायची आणि कौलांच्या फटींतून निघून जायची. गळलं तर चढून बघताही यायचं. आजच्या फ्लॅटमधला पोटमाळा म्हणजे जिप्सम बोर्ड आणि स्लॅब यांच्यातली वीतभर बंद जागा. तिथे ओल असली तरी बोर्ड भिजून डाग पडेपर्यंत खाली पत्ता लागत नाही. वायरिंगही तिथूनच जातं. एखादा डाउनलाइट बाहेर काढून आत बघू द्या, अशी विनंती मालकाला करता येते. दिवा काढण्याआधी मेन स्विच बंद करावा आणि काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. कुबट वास आला तरी पुरेसं उत्तर मिळतं.

मग गच्चीवर जावं लागेल का?

हो, आणि चावीसाठी वॉचमनची वाट बघावी लागली तरी. कोब्याला भेगा आहेत का, पाणी तुंबल्याचे काळे डाग कुठे आहेत, पावसाळी पाइपच्या तोंडाशी कचरा अडकलाय का, हे दिसतं. गच्ची आणि कठडा जिथे जुळतात तिथे सिमेंटची गोलसर पट्टी असते. मिस्त्री तिला ‘वाटा’ म्हणतात. गळती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. पाण्याची टाकी नेमक्या कोणत्या खोलीवर आहे, हेही बघून ठेवावं.

कोबा असला तर घर थंड राहतं ना?

इथे अनेक जण फसतात. कोब्याचं काम पाणी अडवण्याचं. ऊन अडवण्यात तो कच्चा आहे.

छतातून किती उष्णता आत येते ते ‘यू-व्हॅल्यू’वरून कळतं. आत-बाहेर 1 अंशाचा फरक असताना 1 चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. कमी तितका चांगला. 15 सेंटीमीटरच्या उघड्या स्लॅबचं ढोबळ गणित केलं तर आकडा 3.3च्या आसपास येतो. वर 10 सेंटीमीटर विटांच्या तुकड्यांचा कोबा धरला तर साधारण 2.3. घरांसाठी केंद्राने 2018मध्ये आणलेल्या ‘इको निवास संहिते’त छताची मर्यादा 1.2 आहे. म्हणजे नुसत्या कोब्याची गच्ची जवळपास दुप्पट उष्णता आत सोडते. त्याच स्लॅबवर 5 सेंटीमीटरची एक्स्पीएस शीट, म्हणजे दाबलेल्या फोमची इन्सुलेशन शीट टाकली, तर आकडा 0.5च्या आसपास उतरतो.

स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि ती काही तासांनी खाली सोडतो. म्हणून वरच्या मजल्यावरचा पंखा रात्री नऊलाही गरम हवा फेकतो. घर दुपारी चार ते रात्री नऊच्या दरम्यान बघावं ते यासाठीच. पंखा बंद करून छताखाली पाच मिनिटं उभं राहिलं तरी फरक कळतो.

पांढरा परावर्तक रंग हा स्वस्त उपाय. तो काम करतो, पण धूळ बसली की परिणाम घटतो आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. खालून लावलेलं जिप्सम सीलिंग थोडा दिलासा देतं, इन्सुलेशनची जागा मात्र घेत नाही. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिच्या परवानगीचा कागद मागावा.

हवा खेळते का, हे कसं ओळखायचं?

खिडकीची चौकट मोजून उपयोग नाही, उघडणारा भाग मोजावा. दोन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडकीत अर्धाच भाग उघडतो. 6 बाय 4 फुटांची खिडकी दिसायला 24 चौरस फूट, हवेसाठी 12. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र कार्पेट एरियाच्या 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावं, असं हीच संहिता सांगते. 600 चौरस फुटांच्या घराला 100 चौरस फूट. त्यात बाल्कनीचा दरवाजाही धरतात. जुन्या इमारतींना हा नियम लागू नाही, पण तुलनेसाठी उपयोगी आहे. एका खिडकीशी उदबत्ती लावून धूर समोरच्या बाजूला जातो की खोलीतच घुटमळतो, तेही बघता येतं.

किचनच्या चिमणीचा पाइप खरंच बाहेर निघतो का, हे तपासावं. काही घरांत तो फॉल्स सीलिंगच्या वर नेऊन तसाच सोडलेला असतो.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर थांबायलाच हवं. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि आतून कडी असते. राज्यात थंडीच्या दिवसांत असे मृत्यू होत आले आहेत. आधीच्या मालकाने झडपांच्या खिडकीला थंडीसाठी काच किंवा प्लास्टिक लावलेलं असेल तर धोका आणखी वाढतो. घर पसंत पडलं तरी तो गीझर बाथरूममधून बाहेर काढणं पहिल्या कामात धरावं.

गळती निघाली तर खर्च कोणाचा?

नवा फ्लॅट असेल तर रेरा कायद्याच्या कलम 14(3)चा आधार आहे. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी हवी.

रिसेलमध्ये गाठ सोसायटीशी पडते. आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट अपेक्षित आहे. टोकन देण्याआधी त्या अहवालाची प्रत मागावी. वार्षिक सभेच्या इतिवृत्तात याच फ्लॅटच्या गळतीची तक्रार आहे का, तेही मालकाकरवी बघून घ्यावं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कोणत्या वर्षी झालं आणि वॉरंटीचा कागद कोणाकडे आहे, हे थेट सेक्रेटरींना विचारावं. ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं, तर भाव ठरवताना दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा करून बोलायला हरकत नाही.