मोठ्या व्हॅनचा विमा महाग का असतो?

शाळा सुटण्याच्या सुमारास फाटकापाशी उभी असलेली पिवळी मोठी व्हॅन तुमच्या चांगल्या ओळखीची असेल. तिचे डिझेल, टायर, चालकाचा पगार हे खर्च डोळ्यांना दिसतात. एक खर्च मात्र सहसा दिसत नाही. वर्षातून एकदा तिचा मालक विमा कंपनीकडे काही हजार रुपये भरतो आणि त्या बदली त्याच्या हाती पडतो तो केवळ एक कागद! वर्षभरात अपघात झाला नाही, तर हे पैसे फुकट गेले असे पुष्कळांना वाटते. मग साहजिकच प्रश्न निघतो : हा खर्च कमी कसा करता येईल?

प्रश्न योग्यच आहे. परंतु काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये हे कळण्यासाठी विम्याचा हप्ता ठरतो कसा, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यासाठी लागणारे गणित तुमच्या पाठ्यपुस्तकातील संभाव्यतेच्या प्रकरणापलीकडचे नाही.

एकाचे अनिश्चित, हजारांचे निश्चित

एका व्हॅनला येत्या वर्षात अपघात होईल की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. पण अशा हजार व्हॅन एकत्र घेतल्या तर? हिशोबासाठी काही कल्पित आकडे घेऊ. समजा, प्रत्येक व्हॅनची किंमत १२ लाख रुपये आहे. हजारांपैकी ८० व्हॅनचे वर्षभरात किरकोळ, म्हणजे सरासरी २० हजार रुपयांचे नुकसान होते. १० व्हॅनचे प्रत्येकी दीड लाखांचे नुकसान होते. २ व्हॅन चोरीस जातात किंवा पार निकामी होतात. आता बेरीज करा :

किरकोळ नुकसान : ८० × २०,००० = १६ लाख रुपये
मोठे नुकसान : १० × १,५०,००० = १५ लाख रुपये
संपूर्ण नुकसान : २ × १२,००,००० = २४ लाख रुपये
एकूण : ५५ लाख रुपये

हे ५५ लाख हजार मालकांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५,५०० रुपये येतात. हाच विम्याच्या हप्त्याचा गाभा होय. त्यावर कंपनीचा कार्यालयीन खर्च, नफा वगैरेंसाठी काही रक्कम चढते. ती शेकडा ३० धरली, तर हप्ता होतो ७,१५० रुपये. कोणा एकावर कोसळणारे १२ लाखांचे संकट हजार जणांनी असे आपसांत वाटून घेतलेले असते.

पण ८० हा आकडा दरवर्षी कायम राहील कशावरून? तो कायम राहत नाहीच. संख्याशास्त्र सांगते की, हजार व्हॅनच्या बाबतीत तो ८० च्या मागेपुढे सुमारे ९ ने, म्हणजे शेकडा ११ ने सहज हलू शकतो. मात्र व्हॅनची संख्या एक लाख असेल, तर अपेक्षित ८,००० च्या मागेपुढे हा फरक सुमारे ८६ चा, म्हणजे शेकडा १ हून थोडा अधिक एवढाच असतो. समूह जितका मोठा, तितकी सरासरी स्थिर! हा मोठ्या संख्यांचा नियम स्विस गणितज्ञ याकोब बेर्नुली याने सिद्ध केला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ साली प्रसिद्ध झाला. विमा कंपनीचा सारा डोलारा या नियमावर उभा असतो.

व्हॅनचाच हप्ता जास्त का?

याचे पहिले कारण पदार्थविज्ञानात सापडते. गतिमान वस्तूची ऊर्जा ½mv² असते, हे तुम्ही शिकला आहात. एका लहान मोटारीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम आणि प्रवाशांनी भरलेल्या मोठ्या व्हॅनचे ३,५०० किलोग्रॅम धरू. दोघींचा वेग सारखा असला, तरी व्हॅनची ऊर्जा साडेतीनपट असते. धडकेच्या क्षणी ही ऊर्जा कोठेतरी जिरावीच लागते. समोरच्या सायकलीत, भिंतीत, किंवा माणसात.

दुसरे कारण म्हणजे प्रवाशांची संख्या. मोटारीत चार-पाच माणसे बसतात. व्हॅनमध्ये वीस बसतात. एकाच अपघातात जखमी होणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढू शकते.

तिसरे कारण वापराचे. घरची मोटार दिवसातील बराच वेळ उभी असते. भाड्याची व्हॅन सकाळपासून रात्रीपर्यंत धावत असते. जितके किलोमीटर अधिक, तितके अपघाताचे प्रसंग अधिक.

हप्त्याचे दोन भाग

आपल्या देशात वाहनाच्या संपूर्ण विम्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग तृतीय पक्षाचा. वाहनमालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि ज्याला वाहनामुळे इजा झाली तो तिसरा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ नुसार हा विमा उतरवणे सक्तीचे आहे. सक्ती का? तर धडक बसलेल्या पादचाऱ्याने भरपाई मागितली आणि मालकाकडे ती देण्याची ऐपतच नसली, तर त्या पादचाऱ्याने करावे काय? हा विमा मालकाच्या सोयीपेक्षा रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी असतो.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. आपण वर केलेला ५,५०० रुपयांचा हिशोब याच भागाचा होता.

तृतीय पक्षाच्या विम्याचा मूळ दर सरकार ठरवते; तेथे घासाघीस चालत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत सहांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या चारचाकी वाहनाला वर्षाला १४,३४३ रुपये आणि शिवाय दर प्रवाशामागे ८७७ रुपये असा दर होता. शैक्षणिक संस्थेच्या बसला मात्र शेकडा १५ सवलत देऊन हे आकडे १२,१९२ आणि ७४५ असे ठेवले होते. वीस प्रवाशांच्या व्हॅनसाठी या दरांनी हिशोब करू (कर वेगळा) :

भाड्याची व्हॅन : १४,३४३ + २० × ८७७ = ३१,८८३ रुपये
शैक्षणिक संस्थेची व्हॅन : १२,१९२ + २० × ७४५ = २७,०९२ रुपये

म्हणजे ४,७९१ रुपयांची बचत! पण कायद्याच्या व्याख्येत बसणारी शैक्षणिक संस्थेची बस म्हणजे संस्थेच्या मालकीची आणि केवळ विद्यार्थी व कर्मचारी यांच्या ने-आणीसाठी वापरली जाणारी बस. तीच व्हॅन रविवारी लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने दिली, तर ही अट मोडते.

खरी काटकसर

आता स्वतःच्या नुकसानीच्या भागाकडे वळू. येथे बचतीचे काही प्रामाणिक मार्ग आहेत.

पहिला मार्ग, लहान नुकसान स्वतः सोसणे. 'प्रत्येक अपघातात पहिले १० हजार रुपये मी भरीन,' असे मालकाने कबूल केले की हप्ता कमी होतो. आपल्या उदाहरणात कंपनीला आता किरकोळ नुकसानीपोटी १६ ऐवजी ८ लाख, मोठ्या नुकसानीपोटी १४ लाख आणि संपूर्ण नुकसानीपोटी २३ लाख ८० हजार द्यावे लागतील. एकूण ४५ लाख ८० हजार. दर व्हॅनमागे ४,५८० रुपये. त्यावर शेकडा ३० चढवले की हप्ता होतो ५,९५४ रुपये. म्हणजे ७,१५० च्या तुलनेत १,१९६ रुपये वाचले.

पण थांबा! हजारांपैकी ९२ मालकांना प्रत्येकी १० हजार रुपये खिशातून घालावे लागतील. म्हणजे दर मालकामागे सरासरी ९२० रुपये. तेव्हा खरी सरासरी बचत १,१९६ − ९२० = २७६ रुपये एवढीच. नुकसान कमी झाले नाही. वाचला तो फक्त कंपनीकडून ते भरून घेण्याचा वरखर्च. मात्र ज्याचा चालक सरासरीपेक्षा अधिक सावध आहे, त्याचा फायदा याहून मोठा असतो.

दुसरा मार्ग, नो क्लेम बोनस सांभाळणे. वर्षभरात भरपाई मागितली नाही, तर पुढील वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात शेकडा २० सूट मिळते. सलग दुसऱ्या वर्षानंतर ती २५, तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ४५ आणि पाचव्यानंतर ५० होते. एकदा भरपाई मागितली की सूट शून्यावर येते. समजा, मूळ हप्ता १० हजार रुपये असून तो बदलत नाही, आणि व्हॅनला सध्या शेकडा ३५ सूट आहे. अशा वेळी दारावर ओरखडा उठला. भरपाई मागावी काय?

न मागितल्यास पुढील पाच वर्षांतील सूट : ४५, ५०, ५०, ५०, ५०
मागितल्यास पुढील पाच वर्षांतील सूट : ०, २०, २५, ३५, ४५
फरक : ४५ + ३० + २५ + १५ + ५ = १२०

मूळ हप्त्याच्या शेकडा १२०, म्हणजे १२ हजार रुपये! पुढे पुन्हा अपघात होणार नाही असे धरले, तर १२ हजारांहून कमी खर्चाच्या दुरुस्तीसाठी भरपाई मागणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. ही सूट वाहनाची नसून मालकाची असते, हेही लक्षात ठेवावे. शिवाय विम्याची मुदत संपून ९० दिवसांत तो पुन्हा उतरवला नाही, तर ती हातची जाते.

तिसरा मार्ग, धोकाच कमी करणे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने मान्य केलेले चोरीप्रतिबंधक उपकरण बसवल्यास हप्त्यात सूट देण्याची तरतूद २००२ च्या दरपत्रकात होती. ती शेकडा अडीच आणि जास्तीत जास्त ५०० रुपये असे. रक्कम लहान, पण तत्त्व मोठे : धोका घटला की त्याची किंमतही घटते.

खोटी काटकसर

काही मार्ग वरवर बचतीचे दिसतात, पण ते धोका कमी करत नाहीत; फक्त लपवतात. भाड्याने चालणारी व्हॅन खासगी म्हणून दाखवली की हप्ता खूपच कमी होतो. परंतु अपघातानंतर वापर उघडकीस आला, तर व्हॅनच्या नुकसानीची भरपाई कंपनी नाकारू शकते. जखमींना दिलेले पैसेही मालकाकडून वसूल करण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते.

दुसरा मोह व्हॅनची किंमत कमी दाखवण्याचा. विम्यासाठीची किंमत वयानुसार घटते. एक वर्ष पूर्ण होऊन दोन वर्षे न झालेल्या वाहनासाठी घट शेकडा २० धरतात. १२ लाखांची व्हॅन तेव्हा ९ लाख ६० हजारांची होते. कोणी ती ७ लाखांचीच दाखवली आणि दर शेकडा १ असला, तर हप्त्यात वाचतात २,६०० रुपये. व्हॅन चोरीस गेली, तर हातचे जातात २ लाख ६० हजार रुपये.

तिसरे उदाहरण याहून बोलके आहे. २००२ च्या दरपत्रकात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी व्यापारी वाहनाला साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असे. मालकाची इच्छा असल्यास ते केवळ ६ हजारांवर आणता येई. त्यासाठी हप्त्यात मिळणारी सूट किती? मोठ्या व्यापारी वाहनाला २०० रुपये! दोनशे रुपयांसाठी ७ लाख ४४ हजारांचे ओझे आपल्या डोक्यावर घेण्यासारखेच हे झाले.

या सर्वांतून एक साधा नियम हाती लागतो. जे नुकसान आपण सोसू शकतो, त्याचा विमा महाग पडतो. ते स्वतः सोसावे. जे नुकसान आपल्याला उद्ध्वस्त करील, त्याच्या विम्यात मात्र एक पैसाही कापू नये.

आणि सर्वांत मोठी बचत कोठे आहे? पुन्हा ½mv² कडे पाहा. ३,५०० किलोग्रॅमची व्हॅन ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिची ऊर्जा सुमारे ४ लाख ८६ हजार ज्यूल असते. वेग ४० वर आणला, की ती २ लाख १६ हजार ज्यूल होते. वेग एक-तृतीयांशाने कमी केला, तर ऊर्जा निम्म्याहूनही खाली येते. ताशी ६० किलोमीटरची धडक ही सुमारे १४ मीटर उंचीवरून पडण्यासारखी आहे; ४० किलोमीटरची सुमारे सव्वासहा मीटरवरून. विमा पैशाची हानी भरून देतो. व्हॅनमध्ये बसलेल्या मुलांचे हातपाय तो परत आणून देऊ शकत नाही. ते काम चालकाच्या उजव्या पायाचे आहे.

करून पाहा

वर्गातील ३६ विद्यार्थ्यांनी एक विमा मंडळ काढावे. प्रत्येकाने एकेक चिंचोका डब्यात टाकावा आणि दोन फासे एकदा फेकावेत. दोन्ही फाशांवर सहा पडणे म्हणजे अपघात. तो झालेल्याला डब्यातून ३६ चिंचोके द्यावेत. डब्यात सुरुवातीला शंभरएक चिंचोके शिल्लक म्हणून असू द्यात. दर फेरीत किती अपघात झाले, याची फळ्यावर नोंद करा. एखाद्या फेरीत एकही होणार नाही, एखादीत तीन होतील. पन्नास फेऱ्यांनंतर सरासरी काढा. ती किती येते? आणि सुरुवातीला डबा रिकामाच ठेवला असता, तर तुमचे मंडळ कितव्या फेरीत बुडाले असते?