लेकरू देवाच्या हाती, म्हणजे नेमकं काय?



आपल्या नगर जिल्ह्यात कितीतरी गावांत ख्रिस्ती घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. त्यामुळं आमच्या बचत गटांतही दोन-चार ख्रिस्ती बाया असतातच. त्यांच्यापैकी कुणी लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज मागितलं की एखादी मावशी हमखास म्हणते, "तुम्ही तर लेकरं देवाच्या हवाली करता ना गं? मग एवढी काळजी कशापायी?" मावशी चेष्टेनं म्हणतात, पण प्रश्न खरा आहे. ख्रिस्ती आयांनाही तो रात्री झोपू देत नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

ख्रिस्ती घरात मूल झालं की त्याला चर्चमध्ये नेतात. काही मंडळ्यांमध्ये तान्ह्या बाळाचाच बाप्तिस्मा होतो. काहींत बाळाचं नुसतं अर्पण करतात आणि बाप्तिस्मा पुढं, त्याला समज आल्यावर. रीत कोणतीही असो, आईबाप एक गोष्ट कबूल करतात: हे मूल मुळात देवाचं आहे, आमच्याकडं सांभाळायला दिलंय. आता दुसऱ्याची वस्तू आपल्याकडं ठेवायला असली तर आपण ती जास्त जपतो की कमी? गटाची पेटी जिच्या घरी असते तिला विचारा. स्वतःच्या पैशाला ती जपत नाही तेवढं त्या पेटीला जपते.

पवित्र शास्त्रातल्या दोन आयांकडं पाहा. पहिली मोशेची आई, योखेबेद. मिसर देशात राजाचा हुकूम निघाला होता की इब्री लोकांच्या घरी मुलगा जन्मला तर त्याला नदीत टाकायचं. हिनं तीन महिने बाळ लपवलं. मग लपवणं जमेना, तेव्हा लव्हाळ्याचा पेटारा घेतला, पाणी आत शिरू नये म्हणून त्याला डांबर आणि राळ लावली, बाळ आत ठेवलं आणि पेटारा नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवला. आणि थोरल्या मुलीला लांबून लक्ष ठेवायला उभं केलं. बघा, पोर देवावर सोडलं, पण पेटाऱ्याची एक फट उघडी सोडली नाही. राजाच्या मुलीला तो पेटारा सापडला. तेव्हा बहीण पुढं झाली, म्हणाली, दूध पाजायला बाई आणू का? आणि आणली ती सख्ख्या आईलाच. राजकन्येनं तिला त्याचा पगारही दिला! स्वतःच्या लेकराला पाजायचा पगार. हे सांगितलं की आमच्या बैठकीत हसू फुटतं, आणि अंगणवाडीच्या मदतनीस ताई सगळ्यात जास्त हसतात.

दुसरी हन्ना. पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. नवस केला होता, मूल झाल्यावर तो फेडला. शमुवेलाचं दूध तुटल्यावर त्याला शिलो इथल्या देवाच्या मंदिरात ठेवून आली. लोक इथवरची गोष्ट सांगतात. पुढची ओळ आम्हाला जास्त आवडते: ती दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. वर्षभर पोर डोळ्यांपुढं नाही. किती वाढला असेल, खांदे किती रुंद झाले असतील, सगळं मनातच मोजायचं. हॉस्टेलला मुलं ठेवलेल्या आयांना हे माप घेणं वेगळं सांगायला नको.

तर, देवावर सोडणं म्हणजे आपले हात बांधून बसणं नव्हे. तरीही तसं होतं. पोराला तीन दिवस ताप आहे, डोळे पिवळे दिसताहेत, आणि घरात म्हणतात, प्रार्थना चालू आहे, देव बघेल. साप चावला तर कुणी मांत्रिकाकडं पळतं, तर कुणी नुसतं गुडघे टेकतं. आम्ही स्पष्ट सांगतो, आधी १०८ ला फोन करा, प्रार्थना गाडीत बसून करा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी १८९० च्या दशकात उभं केलं. ते मिशनरी म्हणून आले होते, प्रार्थनेवर त्यांचा विश्वास कमी नव्हता. तरी शस्त्रक्रिया सुरीनंच केली.

याच्या उलटंही पाहतो. भीतीपोटी सगळं आपल्याच मुठीत धरायचं. पोरगी दहावीला आहे, रस्त्यानं येताजाता काही झालं तर? मग सोळाव्या वर्षीच लग्नाची घाई. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. असं लग्न ठरताना दिसलं तर १०९८ वर कळवता येतं, नाव गुप्त राहतं. पण आम्ही बायबल वाचणाऱ्या घरांना आणखी एक विचारतो: देवाच्या हाती दिलेली लेक शाळेच्या रस्त्यावर देवाच्या हातातून सुटते का? एकटी पाठवायची भीती वाटते ना, तर पाच मुलींचा जथा करा, एसटीच्या वेळेसाठी ग्रामसभेत अर्ज द्या. योखेबेदनंही बहिणीला उभं केलंच होतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. सगळं केलं, दवाखाना केला, प्रार्थना केली, उपास केला, आणि तरी लेकरू गेलं तर? अशा घरी काही माणसं येऊन म्हणतात, "तुमचा विश्वास कमी पडला." हे वाक्य आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय आणि त्यानं त्या आईचं काय होतं तेही पाहिलंय. हे बोलणं चुकीचं आहे, शास्त्रालाही धरून नाही.

पंडिता रमाबाईंचं पाहा. नवरा गेलेला, पदरात लहानगी मनोरमा, अशा त्या १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. पुढं दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती मिशन उभारलं. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुली गोळा करून आणल्या. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छापखान्याचं काम शिकवलं. मनोरमा मोठी होऊन आईच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. आईमागं तीच सगळं सांभाळेल असं वाटत असताना १९२१ साली ती गेली, आईच्या आधी. वर्षही झालं नाही तोच, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

ईयोबाच्या गोष्टीत त्याची दहाही मुलं एका दिवसात जातात. मित्र भेटायला येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तिथवर ते बरोबर होते. मग तोंड उघडून कारणं सांगायला लागले, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणाले, आणि शेवटी देवानं त्यांनाच खडसावलं.

आमच्या गटात एका ताईंचा मुलगा गेला तेव्हापासून आम्ही एक रीत पाडली आहे, धर्म कुठलाही असो. त्या महिन्याचा तिचा हप्ता बाकीच्या मिळून भरतात. दहा दिवस पाळीपाळीनं भाकरी-कालवण पोचवतो आणि जनावरांचं चारापाणी करतो. का झालं, कसं झालं, हे कुणी विचारत नाही. घरात ख्रिस्ती बहीण असेल तर प्रार्थना करू का, एवढं विचारतो. हो म्हणाली तर करतो. नको म्हणाली तर डबा ठेवून तिच्याजवळ बसतो.