गोळी बंद करण्याआधी



हाताशी आलेला मुलगा एकाएकी कोपऱ्यात बसू लागतो. कोणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणतो, जेवणात काही कालवले असा संशय घेतो. घरचे म्हणतात, बाहेरचे झाले. पण हा स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, असू शकतो. तो मेंदूचा आजार आहे. त्यात आईबापांचा दोष नसतो.

मेंदूतील पेशी रसायनांमार्फत एकमेकींना निरोप देतात. त्यांतले एक रसायन डोपामीन. ते घेण्यासाठी पुढच्या पेशीवर ठरावीक जागा असतात. पाटाचे पाणी वाफ्यात घेणारी दारेच म्हणा ना! या आजारात मेंदूच्या काही भागांत हे पाणी गरजेपेक्षा जास्त सुटते. मग साध्या गोष्टीलाही भलता अर्थ चिकटतो, भास होतात.

औषध विहीर आटवत नाही, ते दारे अडवते. असे पहिले औषध, क्लोरप्रोमॅझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांना देण्यात आले. पुढे मेंदूच्या तपासण्यांत दिसले, की बहुतेक औषधांनी शंभरातली साधारण ६५ ते ८० दारे अडली की गुण येतो. त्याहून जास्त अडली तर हात थरथरतात, अंग ताठरते. म्हणून डॉक्टर मात्रा जपून ठरवतात. त्रास दिसला तर त्यांना सांगा. मात्रा बदलता येते.

दारे काही तासांत अडतात, पण मुरलेली ओल हटायला वेळ लागतो. पुरता गुण यायला काही आठवडे जातात. तोवर धीर धरा.

खरी चूक पुढे होते. मुलगा कामाला लागला की घरचे म्हणतात, आता गोळ्या कशाला? औषध उतरले की दारे पुन्हा मोकळी होतात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी, महिन्यांनी. तेव्हा बंद केलेली गोळी कोणाच्या ध्यानातही नसते. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. रोज गोळी घेणे जमत नसेल, तर काही औषधांची महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनेही मिळतात. वजन आणि साखर मात्र तपासून घ्यावी.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा, किंवा १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि सुगीच्या घाईतही औषधाची खेप चुकवू नका.