नाव रोमन, मजकूर मराठी

संगणकावरच्या मराठीचा गेल्या तीन-साडेतीन दशकांचा हिशोब मांडताना पहिली तक्रार निघते ती चांगल्या फॉन्टच्या तुटवड्याची. तुटवडा फारसा नव्हताच. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट तंत्र पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सीडॅकमध्ये वाढलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, शिवाय आकृती आणि कृती देव यांनी डीटीपीवाल्यांचे संगणक भरून टाकले. अडचण होती ती फॉन्टच्या नावात. अक्षरं अस्सल देवनागरी, पण यादीत ती रोमन नावाने, पुष्कळदा मागे एखादा आकडा लावून. ही फॉन्ट करणाऱ्यांची हौस नव्हती. त्या काळातल्या सॉफ्टवेअरने दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

जुने प्रोग्रॅम फॉन्टची नावं कोड पेजच्या, म्हणजे कोणता आकडा कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्याच्या आधाराने वाचत. जपानीला ९३२ क्रमांकाचं कोड पेज होतं, थाईला ८७४ चं. म्हणून ‘एमएस मिंचो’ हा फॉन्ट जपानी विंडोजवर जपानी लिपीतल्या नावाने दिसू शकला. तरीही तिथली फाइल परदेशी संगणकावर गेली की नावाचा मेळ बसेना, म्हणून रोमन नाव जोडीला ठेवावं लागलं. देवनागरीला विंडोजने असं कोड पेज कधी दिलंच नाही. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं इस्की हे मानक १९९१ पासून होतं, पण फॉन्टची यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती थेट युनिकोडमधून, र. कृ. जोशींनी रेखलेल्या मंगल फॉन्टसह. त्यामुळे एखाद्या फॉन्टचं नाव देवनागरीत ठेवलं असतं, तर जुन्या प्रोग्रॅममध्ये त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटली असती.

यावर कोणी म्हणेल, नाव म्हणजे बरणीवरची चिठ्ठी, रोमन असली म्हणून आतला मजकूर बिघडतो का? एरवी बिघडत नसता. पण मराठीत मजकुराचा अर्थच त्या चिठ्ठीत होता. कृती देवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की फाइलीत साठतात पाच रोमन अक्षरं: ई, जे, के, मोठा बी, एच. त्यातलं जे म्हणजे र आणि के म्हणजे काना, हे फाइलीत कुठेही लिहिलेलं नसतं. ते कळतं फक्त फॉन्टच्या नावावरून. श्री-लिपीची मांडणी वेगळी, आकृतीची आणखी वेगळी. लोणी काळभोरमध्ये कोरलड्रॉत जुळवलेली लग्नपत्रिका सोलापूर रस्त्याने पुण्यातल्या छापखान्यात पोचली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन खिचडी. म्हणून ‘कर्व्ह करून पाठवा’ हा धंद्याचा नियम झाला. पत्रिका सुखरूप छापली जाई, पण अक्षरांची नुसती चित्रं होत. ऐनवेळी काकांचं नाव सुधारायचं तर मूळ फाइल आणि मूळ फॉन्ट शोधत बसा.

युनिकोडने हा गुंता सोडवला, हे खरं. आता फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. मग देवनागरी नावाचा हट्ट कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. छपाईच्या यंत्रणेला लागणारं पोस्टस्क्रिप्ट नाव आजही रोमनच असावं लागतं, तेही ६३ चिन्हांच्या आत. ते बदलायला जाणं म्हणजे जुनी दुखणी नव्याने ओढवून घेणं. पण दोन्ही नावं एकाच फाइलीत नांदू शकतात. ओपनटाइपच्या नावांच्या तक्त्यात भाषेनुसार वेगळं नाव देता येतं आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत मराठीला ११०२ हा स्वतंत्र क्रमांक आहे. जपानी फॉन्टकारांनी ही सोय पुरेपूर वापरली. आपण मात्र मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता निवडतानाही यादीत रोमन नावच शोधतो. शोध फक्त एकाच नावावर चालवणारे प्रोग्रॅम दुसरं नाव दिसताच फॉन्ट हरवल्याचं सांगतात, ही भीती रास्त आहे. पण तो दोष प्रोग्रॅमचा, आणि दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी. खरी अडगळ वेगळीच आहे. पानं जुळवण्याच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कधी कळलंच नाही. तिच्यात जुळवलेली मराठी पुस्तकं आज युनिकोडमध्ये आणायची, तर आधी फाइलीतलं फॉन्टचं रोमन नाव वाचायचं आणि त्यावरून कोणता कन्व्हर्टर लावायचा ते ठरवायचं.