नाव सातबाऱ्यावर, पण रेघ नकाशावर कुठे?

सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे जमीन सुरक्षित झाली, या समजुतीत आपला समाज अजूनही वावरतो आहे. ही समजूत आपल्याला महाग पडते आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि महार वतनाच्या जमिनी कब्जाहक्काची रक्कम भरून घेऊन नव्या शर्तीने परत देण्यात आल्या. आजोबाच्या नावावर आलेल्या त्या जमिनीवर आज वारसांची वीस-पंचवीस नावे आहेत. गावच्या नकाशात मात्र एकच गट, त्याला फक्त बाहेरच्या रेघा. कोणाचा हिस्सा कुठून कुठवर, हे त्यात दिसत नाही.

खरी मेख इथेच आहे. एखादा अडलेला भाऊ आपला सामाईक हिस्सा विकतो. खरेदीखतात पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशी चतुःसीमा लिहिली जाते. ती बहुधा घेणाराच सांगतो. 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 21 मिळकत ओळखू येईल इतके वर्णन मागते. पण दुय्यम निबंधक बांधावर जाऊन पाहत नाही. तो दस्त नोंदवतो, हद्द ठरवीत नाही. तरीही त्या शिक्क्याच्या जोरावर रस्त्यालगतच्या तुकड्याला तारेचे कुंपण पडते आणि बाकीच्या भावांच्या वाट्याला मागचा खडक येतो.

कायदा असा नाही. सामाईक हिस्सा घेणाऱ्याला हिस्सा मिळतो, मनपसंत तुकडा नाही. तुकडा हवा असेल तर त्याने वाटप मागावे. त्याच्या दस्तातील चतुःसीमा इतर वारसांवर बंधनकारक नाही. पण हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत कुंपणाची भिंत झालेली असते.

वस्तीचेही तेच. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणाचे नकाशे होऊन घरमालकाला मिळकत पत्रिका मिळू लागली. पण ज्यांची घरे गावठाणाच्या हद्दीबाहेर गायरानावर आहेत, त्यांचे काय? वेशीबाहेर ठेवलेला माणूस नव्या नकाशातही वेशीबाहेरच राहणार असेल, तर गावठाण हद्दवाढीची मागणी प्रत्येक ग्रामसभेत लेखी झाली पाहिजे.

वारसांनी आता एकत्र बसावे. भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशाची नक्कल काढावी. हद्द कायम मोजणीचा अर्ज करून गटाची बाहेरची हद्द पक्की करावी आणि मोजणीची 'क' प्रत जपून ठेवावी. महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटप मागावे. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावे. वाटपानंतर पोटहिस्सा मोजणी करून आपली रेघ नकाशावर चढवून घ्यावी. तोवर कोऱ्या चतुःसीमेच्या कागदावर कोणीही अंगठा किंवा सही करू नये.

मोजणीच्या फीचे कारण पुढे येईल. जयंतीची वर्गणी आपण घरोघर फिरून जमवतो; एक वर्ष मोजणीची वर्गणीही जमवू या. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली, ती जमिनीसाठी. ज्यांच्याकडे ती आहे, त्यांनी निदान तिची हद्द तरी राखावी.

जयभीम!