नाव काय लिहू?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला जातात न जातात तोच आपल्याकडे भाषणांचा हंगाम सुरू होतो. 26 नोव्हेंबरला संविधान दिन, 10 डिसेंबरला मानवी हक्क दिन. आणि या दोहोंच्या आसपासचा एखादा आठवडा शाळा, महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या आणि सेवाभावी मंडळी मिळून लोकशाहीच्या नावे साजरा करतात. प्रभातफेरी निघते, उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते, निबंधस्पर्धेची बक्षिसे वाटली जातात, पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडते. बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत असे कार्यक्रम मी मागच्या रांगेत बसून ऐकले आहेत. त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ऐकता ऐकता माझ्या मनात मात्र एक साधा प्रश्न येत असे. ज्याला हक्क द्यायचा, त्याचे नाव कोणत्या वहीत लिहिले आहे? आणि ते लिहिले कोणी?

बारामती हे मोरोपंतांचे गाव. अठराव्या शतकात कऱ्हेकाठी राहून पंतांनी ढिगाने आर्या रचल्या आणि ‘केकावली’त देवाकडे असा काही लकडा लावला, की त्या काव्याला अर्जच म्हणावे! पंतांचे एक बरे होते. त्यांच्या देवाला अर्जासोबत दाखले जोडावे लागत नव्हते.

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची कथाही एका शब्दाचीच आहे. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो संमत केला. बाजूने 48 मते, विरुद्ध एकही नाही, तटस्थ 8. पहिल्या कलमाच्या मूळ मसुद्यात जो इंग्रजी शब्द होता त्याचा सरळ अर्थ ‘सर्व पुरुष’ असा होत होता. त्यात बायका आल्याच, असे मोठमोठ्यांचे म्हणणे होते. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांना ते पटेना. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात काम केलेल्या या बाईंना कायद्याची भाषा ठाऊक होती. एखाद्याने उद्या त्या शब्दाचा अर्थ अक्षरशः लावला तर? त्यांनी आग्रह धरला, आणि तेथे ‘सर्व माणसे’ असे शब्द आले.

पॅरिसमध्ये बाई कागदावर आली, तरी घरची स्थिती निराळी होती. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होऊ लागल्या तेव्हा लक्षावधी बायकांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच काय ती ओळख! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन कडक माणूस. नाव नाही तर मत नाही, असे म्हणून त्यांनी सुमारे 28 लक्ष बायकांच्या नोंदी यादीतून काढावयास लावल्या. त्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, म्हणून आपण मराठी माणसांनी फुशारण्याचे कारण नाही. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागतो, आणि बायकोचे नाव तांदळाच्या ताटात अंगठीने पुसून नवे लिहिले जाते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आहे, लग्नानंतरच्या कागदांवर दुसरे. शहरात राजपत्रात जाहिरात देऊन हा गुंता सुटतो. पण माहेरच्या सातबाऱ्यावर हक्क सांगणाऱ्या खेड्यातील लेकीला, ती ‘सुमन’ आणि ही ‘वैशाली’ एकच, हे सिद्ध करता करता तलाठ्याच्या चावडीचे उंबरे झिजवावे लागतात.

याच बाबतीत बारामतीचा विशेष उल्लेख केला पाहिजे. 1994 साली बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले, आणि 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतःच वाटा देणारा कायदा राज्यात लागू झाला. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली तेवढ्या वगळल्या होत्या. केंद्राने 2005 साली कायदा सुधारला आणि ती अट राहिली नाही. पुढे 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, 2005 साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क जन्माचाच आहे, असे स्पष्ट केले. कायदा चोख झाला. पण भाऊबीजेला भावाने साडी द्यावी आणि बहिणीने चार दिवसांनी कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करावी, हा रिवाज काही कायद्याने थांबला नाही. नीरेच्या डाव्या कालव्याखाली भिजणाऱ्या जमिनीचा भाव आठवला म्हणजे त्या साडीची किंमत किती भरते याचा हिशेब वाचकांनी घरीच करावा. माहेर तुटेल ही बाईची भीती खोटी नसते, म्हणून तिला हसण्यात अर्थ नाही. पण हक्क सप्ताहाच्या व्यासपीठावर ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द मी एकदाही ऐकला नाही, हेही खरे.

बारामतीहून इंदापूरकडे निघाले, की भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या अलीकडे-पलीकडे डिसेंबरात रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला असतो. म्हणजे हक्कांचा आठवडा येतो तो ऐन गळीत हंगामात. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून आलेल्या तोडणी कामगारांच्या खोपी कडेला पडलेल्या दिसतात. या धंद्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्याला मिळते, खाडा पडला तर दंड कोयत्याला. पहाटे उठून भाकरी थापून, मग ऊस साळून मोळ्या डोक्यावर वाहणारी बाई हिशेबात कोठे असते? अशाच एका अड्ड्यावर चुलीशी बसलेल्या एकीला मी विचारले, “बाई, मुकादमाच्या वहीत तुमचं नाव आहे का?”

“मालकाचं हाय की, ताई,” ती सहज म्हणाली. “त्यातच मी आले.”

पॅरिसमधल्या थोरामोठ्यांचे म्हणणेही नेमके हेच होते!

या लोकांची मते गावाकडे आणि पोट इकडे. 2024 ची विधानसभेची निवडणूक 20 नोव्हेंबरला, म्हणजे हंगामाच्या तोंडावरच झाली. मत द्यायचे तर एवढी वाट तुडवून परत जायचे. न जायचे तर यादीत नाव असून नसल्यासारखे.

काहींची नावे वहीत असतात, पण ती वही निराळी असते. गावाबाहेरच्या माळावर पाले ठोकून राहणाऱ्या पारध्यांची गोष्ट अशी आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे देशभर शेकडो जमाती त्यात ओढल्या गेल्या. जन्मला तो गुन्हेगार! ठरल्या वेळी पोलिसांकडे वा पाटलाकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणात माणसांची वसाहतच होती. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 रोजी, हा कायदा गेला. म्हणजे पहिल्या निवडणुकीचे मतदान होऊन गेले, तेव्हाही हा कायदा देशाच्या पुस्तकातून गेला नव्हता.

कायदा गेला तरी संशय गेला नाही. जून 1998 मध्ये बारामतीत पोलिसांच्या ताब्यात असलेला एक पारधी माणूस मरण पावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमध्ये शबर जमातीच्या एका तरुणाचा असाच शेवट झाला होता. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली, ती त्याच 1998 साली. अशा वेळी बारामतीचे नाव देशभर गेले, याचे दुःख बारामतीकरांनाही झाले असेल.

आता दाखल्याचे पाहा. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींत मोडतात. मुलाला शिष्यवृत्ती हवी तर जातीचा दाखला हवा. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. त्या दिवशी त्याचा आजा कोणत्या गावच्या शिवेवरून हुसकला गेला होता, याची नोंद कोण ठेवणार? असलीच तर ती पोलिसांच्या हजेरीपुस्तकात. ज्या पुस्तकाने आज्याला गुन्हेगार ठरवले, तेच नातवाने पुरावा म्हणून शोधावे, अशी ही तऱ्हा!

असो. चांगल्याही गोष्टी घडत आहेत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग बापाचे नाव लिहावे, असा महाराष्ट्र सरकारने निर्णय केला. मतदार नोंदणीच्या सूचनांतही एक तरतूद मला फार मोलाची वाटली. ज्याला घरच नाही त्याने अर्जात आपण झोपतो ती जागा लिहावी. नोंदणी करणारा कर्मचारी एकाहून अधिक रात्री तेथे जाऊन तो माणूस तेथे खरोखर झोपतो का ते पाहतो. तसे दिसले तर वास्तव्याचा वेगळा कागद मागायचा नाही.

ही तरतूद किती पालांवर पोहोचली असेल? यंदाच्या सप्ताहात संयोजकांनी एक शाल कमी करावी, आणि मांडवाच्या दारातच एक टेबल, दोन खुर्च्या, नवीन नावासाठी नमुना 6, दुरुस्तीसाठी नमुना 8 आणि लिहून देणारी दोन कॉलेजची मुले बसवावीत. संध्याकाळी तेच टेबल उसाच्या अड्ड्यावर न्यावे, दुसऱ्या दिवशी माळावर. सकाळी नेऊ नये. सकाळी तेथे म्हातारी माणसे आणि पोरे यांखेरीज कोणी भेटत नाही.