गोळीविना नेम

स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसमधल्या कांस्यपदकाला २०२५ च्या १ ऑगस्टला एक वर्ष झालं. वर्तमानपत्रांनी जुने फोटो पुन्हा छापले, शाळांतून सत्कार झाले. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये भारताला मिळालेलं हे पहिलंच ऑलिंपिक पदक, तेव्हा कौतुक हवंच. पण पदकानंतर त्याच्या वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट मला वर्षभर सोडत नाही. मुलाच्या सरावासाठी गोळ्या घ्यायला त्यांनी बँकेचं कर्ज काढलं होतं आणि त्या वेळी एक गोळी १२० रुपयांना पडत होती. म्हणजे शंभर गोळ्यांचा सराव केला, तर एका दिवसाचे बारा हजार. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या एका शिक्षकाच्या घरातला हा खर्च.

आणि त्याच महिन्यात आमच्या जिंतूर तालुक्यातल्या एका मुलीनं पॉइंट टू-टू रायफल सोडली. तिचा हात चांगला आहे, श्वास चांगला आहे, ती पहाटे उठते. सोडायचं कारण एवढंच, की गोळ्या मिळत नाहीत. मिळाल्या तर पन्नासाची एक डबी मिळते, पुढची कधी येईल ते कुणी सांगत नाही. ती आता दहा मीटरच्या एअर रायफलवर आली आहे, कारण तिच्या छर्ऱ्यांना परवाना लागत नाही आणि ते दुकानात मिळतात. लोक म्हणतात, काय फरक पडतो, नेमबाजीच ना ती. फार फरक पडतो. तो सांगायचा म्हणून मागं जावं लागेल.

फार मागं जाण्यात अर्थ नाही. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या दारावरची पायरी आहे. १९५९ साली शस्त्र कायदा आला. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली, पुढे ती सक्ती गेली. हे सगळं आमच्याकडं सरकारी परिपत्रकातूनच पोहोचलं. पूर्णेवरचं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं, साडेबावीस मेगावॉटचं वीजघर फिरू लागलं आणि धरणाच्या पायथ्याशी येलदरी कॅम्प नावाची आमची वसाहत भरली. माझं बालपण तिथलं.

मला रेंगाळायचंय ते ऐंशीच्या दशकात.

तेव्हाचा कॅम्प आज येणाऱ्याला ओळखू येणार नाही. रांगेत क्वार्टर, संध्याकाळी व्हॉलीबॉल, वीजघराच्या पाळीला जाणाऱ्या सायकली. धरणावर काम करणाऱ्यांत दोन-तीन जणांकडं बाराबोअरची दुनळी होती आणि आजूबाजूच्या डोंगराकडच्या गावांत ठासणीच्या बंदुका होत्या. पीक संरक्षणाचा परवाना असायचा. ज्वारी निसवली की रानडुकरं उतरत, हरभऱ्यात रोही शिरत, आणि शेतकरी माचीवर बसून हवेत बार काढे. शिकारीचं समर्थन मी करत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद केली ते योग्यच झालं. माझ्या मनात आहे ते त्या बंदुकीभोवतीचं काम. दारू मापानं ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजानं ठासायचं, शेवटी टोपी बसवायची. माप थोडं चुकलं तर खांद्याला कळायचं, जास्त चुकलं तर नळी फुटायची. आपली गोळी आपण भरण्याचा, परदेशात ज्याचा मोठा छंद आहे त्याचा, आमच्याकडचा अवतार एवढाच. जुन्या लोकांच्या हाताला त्याचं मोजमाप पाठ होतं.

पण त्यांची बंदूक दारू आणि टोप्यांवर अडायची. परवानाधारक विक्रेता जिल्ह्याच्या गावी, त्याच्याकडं माल येणार कधी ते त्यालाच माहीत नसे. पावसाळ्याच्या तोंडाला माणसं एसटीनं परभणीला जायची आणि हात हलवत परत यायची. बाराबोअरवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसं मिळत. १८६९ सालापासूनचा तो कारखाना, सैन्याची गरज आधी, मग उरलं तर आपल्याला. त्याआधी हातात असलेली एली कंपनीची विलायती काडतुसं लोक कपाटात लाडू ठेवावेत तशी जपून ठेवत. जुन्या कागदी काडतुसांना दमट हवा लागली की ती फुगत आणि नळीत बसत नसत. उन्हाळ्यात वाळवून पाहिलं जाई, पण एकदा फुगलेलं काडतूस भरवशाचं राहत नाही.

दशकाच्या मध्यावर सरकारनं खासगी माणसाला परदेशी शस्त्रं आणायची बंदी केली. त्यामागं देशातली तेव्हाची अस्वस्थता होती, ते समजण्यासारखं आहे. पण त्या एका निर्णयानं खेळाची दोन घरं झाली. ज्यांच्याकडं आधीच चांगल्या रायफली होत्या आणि ज्यांचं नाव झालेलं होतं, त्यांच्यासाठी आयातीची वाट उरली. बाकीच्यांसाठी देशात जे बनेल ते. पुढं नियमांत ‘नामांकित नेमबाज’ हा वर्ग पक्का झाला. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवले, की परदेशी रायफल आणि गोळ्या आणता येतात. आता सांगा, ते गुण मिळवायचे कशानं? चांगल्या गोळीशिवाय गुण नाहीत आणि गुणांशिवाय चांगली गोळी नाही. मुंबई-पुण्याच्या मुलाला मधल्या काळात क्लब सांभाळून घेतो, संघटनेच्या वाट्यातून त्याला काही मिळतं. येलदरीच्या मुलाला मध्ये धरणारं कुणी नाही. चाळीस वर्षं मी हे पाहतो आहे आणि यात काही बदललेलं नाही.

आम्हाला खरी गोळी भेटली ती एनसीसीत. पॉइंट टू-टू रायफल, गोणपाटावर पालथं पडून पंचवीस मीटरवर ग्रुपिंग. वाट्याला पाच गोळ्या. त्या पाच गोळ्यांसाठी वर्षभर परेड केली, बूट घासले, कॅम्पातलं पाणीदार वरण खाल्लं. पाचही एका जागी लागल्या, की पुढच्या कॅम्पसाठी नाव जाईल, असं सांगितलेलं. आमच्या तुकडीत एका मुलाच्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. पुढं नाव गेलं ते दुसऱ्याचं, साहेबांच्या ओळखीतल्याचं. सराव जास्त झालेला मुलगा पाठवायचा आहे, असं कारण दिलं गेलं. सराव जास्त का झाला होता? राखीव गोळ्या त्यालाच मिळाल्या होत्या म्हणून. तो अधिकारी आज कुठं आहे माहीत नाही. पण गोळी कमी असली की ती कुणाला द्यायची हे ठरवणारा माणूस मोठा होतो, हे मी त्या मैदानावर शिकलो. तो अचूक नेम असलेला मुलगा पुढं जिनिंगमध्ये हमाली करत राहिला.

त्याच काळात मुंबईत कीर्ती महाविद्यालयाची एक एनसीसी कॅडेट वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पोहोचली. ती अंजली भागवत. प्रशिक्षक संजय चक्रवर्ती सरांनी तिला घडवलं, सुमा शिरूरला घडवलं, दीपाली देशपांडेला घडवलं. दीपालीनंच पुढं स्वप्नीलला शिकवलं. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं सर गेले तेव्हा मला जवळचं माणूस गेल्यासारखं झालं, जरी मी त्यांना कधी भेटलो नव्हतो. अंजलीचं कर्तृत्व तिचंच आहे. पण एनसीसीच्या गणवेशातून निघालेल्या मुलीला चालत जाण्याच्या अंतरावर रेंज होती आणि रेंजवर गोळी होती, हेही तितकंच खरं आहे.

नव्वदचं दशक आमच्यासाठी कोरडं गेलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बालेवाडी उभी राहिली, इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. पुढची वीस वर्षं पदकांची: २००२ ला म्युनिकमध्ये अंजली, २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड, २००८ ला अभिनव बिंद्रा, २०१० ला म्युनिकमध्येच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचं ५९७ गुणांचं विश्वविजेतेपद, २०१८ ला राही सरनोबतचं आशियाई सुवर्ण. कोल्हापूरला दुधाळीची रेंज आहे. मराठवाड्यातल्या तालुक्यातालुक्यांत मात्र त्या वर्षांत एअर रायफलचे वर्ग निघाले, आणि तिथंच थांबले.

आता टंचाईचं. अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेत हत्याकांड झालं, बंदुकांवर निर्बंध येणार या भीतीनं लोकांनी दुकानं रिकामी केली आणि पॉइंट टू-टूची साधी गोळी तिथं वर्ष-दोन वर्षं दिसेनाशी झाली. २०२० मध्ये महामारीत पुन्हा तेच. घरी काडतुसं भरणाऱ्यांकडं पितळी पुंगळ्या होत्या, दारू होती, पण प्रायमर, म्हणजे ती टोपी, मिळेना. ठासणीवाला शेतकरी परभणीहून रिकाम्या हातानं परतायचा ते दुःख तिकडं पोहोचलं. आणि पॉइंट टू-टूला तर तेवढाही मार्ग नाही. तिचं स्फोटक पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं, एकदा उडाली की ती पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही. आमच्याकडच्या त्या मुलीला विकतच घ्यावी लागते.

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि युरोपातल्या दारूगोळा कंपन्यांचं लक्ष सैन्याच्या मागणीकडं वळलं. आपले नेमबाज ज्या गोळ्यांवर जगतात त्या इंग्लंडच्या एली, जर्मनीच्या आरडब्ल्यूएस आणि एसके, फिनलंडच्या लापुआ. या गोळ्या नुसत्या मिळून भागत नाही. प्रत्येक नळीला एखादा लॉट, म्हणजे कारखान्यातली एक खेप, मानवतो, दुसरा मानवत नाही. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. मोठे नेमबाज कारखान्यात जाऊन, आपली रायफल शिकंज्यात बांधून लॉट निवडतात. टंचाईत निवड संपते. आज एका लॉटची डबी, उद्या दुसऱ्याची. गोळी नऊला लागली की मुलगी आपल्या हाताला दोष देते, पवित्रा बदलते, खांदा बदलते, आणि दोष असतो डबीचा. टंचाईनं सर्वांत मोठं नुकसान होतं ते हे. सराव कमी होतो तो वेगळाच, पण झालेल्या सरावावरचा विश्वासही जातो. मग चांगल्या गोळ्या स्पर्धेसाठी राखायच्या, सराव हलक्या गोळ्यांवर करायचा आणि उरलेला वेळ रिकाम्या रायफलीचा घोडा ओढत भिंतीवरच्या ठिपक्याकडं बघायचं. रिकाम्या सरावानं घोड्यावरचं बोट सुधारतं. वारा वाचायला मात्र गोळी सुटावी लागते, आणि पन्नास मीटरच्या उघड्या रेंजवर वारा हाच अर्धा खेळ आहे. एअर रायफल आणि पॉइंट टू-टूतला फरक काय, असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे.

याच टंचाईच्या मुळाशी कापूस आहे, हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची बनते आणि ते बनतं सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून, ज्याला लिंटर म्हणतात. युरोपला हे लिंटर मोठ्या प्रमाणात चीनकडून घ्यावं लागतं आणि तिथं पुरवठा आवळला की दारूचे कारखाने अडतात. सरकी! मानवत आणि सेलूच्या जिनिंगमधून निघते ती. ज्या मुलाच्या पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या गेल्या, तो आयुष्यभर तिचीच पोती वाहत होता. दारू आपल्याच राज्यात, भंडाऱ्याला बनते. तिथं २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात आठ कामगार गेले, त्यांचीही आठवण गोळी हातात घेताना असली पाहिजे. काडतूस खडकीत बनतं. तो कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या नव्या कंपनीत गेला, तिचं मुख्यालयही पुण्यातच. कापूस आपला, दारू आपली, कारखाना आपला, आणि स्पर्धेला लागणारी गोळी मात्र एलीच्या बर्मिंगहॅमहून येईपर्यंत थांबायचं. देशी पॉइंट टू-टू शिकायला ठीक आहे. तिच्यावर स्पर्धेचे गुण निघत नाहीत, हे रेंजवरचं कुणीही सांगेल. दीडशे वर्षांचा अनुभव असलेल्या कारखान्याला स्पर्धेच्या दर्जाची गोळी जमणार नाही, हे मी मानायला तयार नाही. कुणी त्याच्याकडं ती मागितलीच नाही.

परवान्याची गोष्ट तर सांगतानाही राग येतो. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत सरकारनं माणसामागं तीनऐवजी एकच शस्त्र ठेवायचं ठरवलं होतं, ओरड झाल्यावर दोन केली. नेमबाजांना त्यात सवलती आहेत, पण त्या कागद वाचणाऱ्या कार्यालयात चालतात. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीडमधले शस्त्र परवाने राज्यभर गाजले आणि प्रशासनानं अनेक रद्द केले. रद्द व्हायलाच हवे होते. कमरेला पिस्तूल लावून लग्नात हवेत बार काढणाऱ्यांना परवाने मिळाले कसे, हा प्रश्न मी वीस वर्षं विचारतो आहे. पण त्याचा फटका कुणाला बसला? शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयात जिंतूर तालुक्यातल्या त्या मुलीच्या वडिलांना विचारलं गेलं, मुलीला गोळ्या कशाला हव्यात, कुणाशी भांडण आहे का? तिची प्रमाणपत्रं टेबलावरच होती. उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजून दाखवा, असंही सांगितलं. त्या तिनं पिशवीत भरून नेल्या होत्या, त्या मोजायला कुणाला वेळ नव्हता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राज्य संघटनेकडं आयात गोळ्यांचा जो वाटा येतो, त्यातला ठरावीक हिस्सा ज्या जिल्ह्यांत पन्नास मीटरची रेंज नाही तिथल्या मुलांच्या नावानं बाजूला काढावा आणि कुणाला किती मिळाल्या ते जाहीर लावावं. विभागीय क्रीडा संकुलात एक शस्त्रागार असावं, जिथं अशा मुलांच्या गोळ्या आणि रायफल कुलपात राहतील आणि शनिवार-रविवारी त्यांना चालवायला मिळतील. म्हणजे परवान्याचा निम्मा तंटा तिथंच मिटेल. आणि पदकाच्या बक्षिसासाठी जी रक्कम जाहीर होते, त्यातल्या थोड्या भागातून खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांना स्पर्धेच्या गोळीचं काम द्यावं. मावळंकर स्पर्धेसाठी त्या मुलीला पाचशे गोळ्यांची एक पेटी लागते, एकाच लॉटची. ती कुठून आणि कोणत्या तारखेला मिळेल, हे कुणी अधिकारी लेखी सांगणार असेल तर ती अजूनही रायफल परत उचलायला तयार आहे. मी तिला विचारूनच हे लिहिलं आहे.